आर्वो पॅर्त यांचं पियानो ट्रायोसाठीचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-पंधरा जण ऐकायला जमतात. एरवी ख्याल, नाट्यपदं, कधी पखवाज. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त यांना 11 सप्टेंबर 2025 रोजी नव्वद वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्ताने आम्ही त्यांचं संगीत लावलं आणि मग ते पुन्हा पुन्हा लावत राहिलो. बैठकीत जे प्रश्न आले, आणि नंतर लातूर-परभणीहून फोनवर जे विचारले गेले, ते इथे उत्तरांसह देत आहे. मी व्हायोलिन शिकवतो, त्यामुळे उत्तरं वाजवणाऱ्याच्या अंगाने आली आहेत.

पियानो ट्रायो म्हणजे तीन पियानो का?

नाही. एक पियानो, एक व्हायोलिन, एक चेलो (व्हायोलिनचाच थोरला, खालच्या सुरांचा भाऊ). तीन वादक, तीन वाद्यं, आणि अशा मेळासाठी लिहिलेल्या रचनेलाही ट्रायोच म्हणतात. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराच्या काळात यात पियानोच पाटील असायचा. व्हायोलिन त्याच्या सुरांना साथ द्यायचं आणि चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचे खालचे सूर गिरवायचा. मोझार्ट आणि बेथोव्हन यांनी तिघांना बरोबरीला आणलं. बेथोव्हनने 1795 मध्ये पहिला क्रमांक देऊन जे प्रसिद्ध केलं, ते तीन पियानो ट्रायोच होते.

या मेळाची गंमत एका अडचणीत आहे. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडली त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि तिथून तो विझतच जातो. व्हायोलिन-चेलोचा सूर गज फिरतो तोवर जिवंत राहतो, वाढवताही येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तिघांची आस, म्हणजे सूर घुमत राहणं, वेगळी. जोडीला आणखी एक पेच. पियानोचे सूर पेटीसारखे ठरलेले, आणि तंतुवाद्याचं बोट हवं तिथे सरकतं. पेटीच्या याच ठरलेल्या सुरांमुळे आकाशवाणीने तिला 1940 पासून 1971 पर्यंत बाहेर ठेवलं होतं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ट्रायोत हा पेच रोज सोडवावा लागतो. व्हायोलिन आणि चेलोवाले पियानोचा सूर ऐकून आपलं बोट केसभर हलवतात.

आर्वो पॅर्त कोण? नाव नेमकं कसं म्हणायचं?

‘पॅर्त’, ‘पॅ’ किंचित लांबवून. ‘पार्ट’ नव्हे.

जन्म 1935, एस्टोनियातलं पाइदे गाव. देश लहान आहे. लोकसंख्या 13-14 लाख, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याहून थोडी जास्त आणि धाराशिवपेक्षा कमी. त्यांच्या उमेदीच्या काळात एस्टोनिया सोव्हिएत संघात होता. 1968 मध्ये त्यांनी ‘क्रेडो’ नावाची रचना केली. तिच्यातली उघड श्रद्धा सरकारला खुपली आणि ती वाजवणं बंद पडलं. त्यानंतरची आठेक वर्षं ते जवळजवळ गप्प होते. पोटासाठी चित्रपटांचं संगीत चालू होतं, पण स्वतःचं म्हणावं असं फारच थोडं. त्या काळात ते चर्चमधलं जुनं, सगळे मिळून एकच चाल गातात ते गायन आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, अनेक चाली एकदम चालणारं संगीत वहीत उतरवत बसले. शिकलेला माणूस पुन्हा अलंकारापासून सुरुवात करतो, तसं. 1976 मध्ये ‘फ्युअर अलीना’ हा दोन पानांचा पियानोचा तुकडा आला आणि तिथून त्यांचं नवं संगीत सुरू झालं. 1980 मध्ये देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग अनेक वर्षं बर्लिन. 2010 मध्ये ते मायदेशी परतले.

त्यांनी ट्रायोसाठी काय काय लिहिलं आहे?

खास पियानो ट्रायो म्हणून एकच लहान रचना: ‘मोझार्ट-अदाजिओ’, 1992 ची, साधारण सहा-सात मिनिटांची. पहिल्यांदा ती हेलसिंकीत कालिकस्टाइन-लरेडो-रॉबिन्सन या ट्रायोने वाजवली. पुढे पॅर्तनी तिच्यावर पुन्हा हात फिरवला.

एकच रचना म्हणून हिरमुसू नका. तिच्यापर्यंत पोचायला ‘स्पीगल इम स्पीगल’ (1978, व्हायोलिन आणि पियानो, चेलोवरही वाजवतात) हा उत्तम जिना आहे. आम्ही दोन्ही जोडीनेच ऐकतो, म्हणून पुढच्या उत्तरांत दोन्ही येतील.

मग हे मोझार्टचंच झालं की! पॅर्तनी त्यात काय केलं?

हा प्रश्न आमच्याकडे निवृत्त गणिताच्या सरांनी विचारला, आणि रास्त विचारला.

मोझार्टने 1775 च्या सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, पियानोचे सहा सोनाटा (अनेक भागांच्या रचना) लिहिले. त्यातल्या दुसऱ्याचा (मोझार्टच्या रचनांच्या यादीत के. 280) मधला संथ भाग म्हणजे हा अदाजिओ. बाकी सोनाटा हसतमुख आहे आणि मध्येच हा भाग येतो. एफ मायनर म्हणजे एफवर षड्ज धरून कोमल गंधाराची उदास स्वरावली, सहा मात्रांचा झुलता झोका, आणि वाक्यागणिक एक उसासा. पॅर्तनी मोझार्टचा मजकूर जवळजवळ तसाच ठेवला, पण तीन वाद्यांत वाटला. एका माणसाने दोन हातांनी म्हटलेलं दुःख आता तिघं मिळून म्हणतात. सुरुवातीला, अखेरीस आणि मध्ये काही जागी त्यांनी आपले मोजके सूर ठेवले, त्यात अगदी शेजारचे दोन सूर एकमेकांना घासतात. शुद्ध आणि कोमल एकदम लागल्यावर कान कसा दचकतो, तसंच इथे होतं. जुन्या वाड्याची डागडुजी करताना भिंत तशीच ठेवून फक्त एक खिडकी उघडावी, तेवढाच हस्तक्षेप. पण त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात आख्खा वाडा वेगळा दिसतो.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बंदिश गुरूच्या गुरूची असते, आणि तरी गाणाऱ्याचं गाणं त्याचंच असतं.

ही रचना कोणाच्या आठवणीत आहे? आणि मरणासाठी ट्रायोच का?

ओलेग कागान या व्हायोलिनवादकाच्या. जन्म 1946, जुलै 1990 मध्ये कर्करोगाने म्युनिकला गेले, वय अवघं 43. त्यांच्या पत्नी नतालिया गुटमान या थोर चेलोवादक. महान पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर कागान यांच्याबरोबर मोझार्टचे सोनाटा वाजवत. म्हणजे व्हायोलिन, चेलो, पियानो ही तिन्ही वाद्यं कागान यांच्या आयुष्यातच होती. मोझार्टची निवड का, तेही इथे उलगडतं.

पण मुळं याहून खोल आहेत. रशियन संगीतात गेलेल्या माणसासाठी पियानो ट्रायो लिहिण्याची एक परंपराच पडली. 1881 मध्ये पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइन गेले, तेव्हा संगीतकार चायकोव्हस्कीने ‘एका थोर कलावंताच्या स्मरणार्थ’ म्हणून ट्रायो लिहिला. 1893 मध्ये चायकोव्हस्की गेले, तेव्हा वीस वर्षांच्या रखमानिनोव्हने त्यांच्यासाठी लिहिला. 1944 मध्ये शोस्ताकोविचचा जिवलग मित्र इव्हान सोलेर्तिन्स्की गेला आणि दुसरा ट्रायो आला. त्याची सुरुवात चेलो एकटा करतो, तीही तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या इतक्या उंच, पारदर्शक सुरांत, की नंतर येणारं व्हायोलिन त्याच्या खाली ऐकू येतं. खालच्याने वर जाणं आणि वरच्याने खाली येणं. घरात मृत्यू झाल्यावर सगळ्यांच्या जागा बदलतात, तसं मला ते नेहमी वाटतं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, संगीतकार स्मेतानाने 1855 मध्ये आपली लाडकी लहान लेक गेल्यावर ट्रायोच लिहिला.

माझे वडील गेले त्या रात्री गावातलं भजनी मंडळ ओसरीवर आलं. कोणी बोलावलं नव्हतं. एक वीणा, टाळ, एक पखवाज. पहाटेपर्यंत ते होते आणि मला त्यातला एकही अभंग आठवत नाही, फक्त दोन अभंगांच्या मधली शांतता आठवते, वीणेची तार तेवढी चालू असलेली. ‘मोझार्ट-अदाजिओ’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्या ओसरीवर होतो.

“हे मधीच थांबायलेत का? नेट गेलंय का?”

नेट नाही गेलं. ती जागा लिहिलेली आहे.

आपल्याकडे ज्यांनी शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ऐकला आहे, त्यांना थापेनंतरची आस काय असते हे सांगावं लागत नाही. थाप पडते आणि ती विरेपर्यंत आपण श्वास धरतो. पॅर्त असंच ऐकायला लावतात. पियानोचा सूर पडला की पुढचा कधी येतो याची वाट न पाहता, पडलेला कुठवर जातो ते बघायचं. सूर कानाबाहेर गेला आणि खोलीतली शांतता आधीपेक्षा गडद झाली, की तुम्ही ती रचना ऐकलीत.

‘टिंटिनाबुली’ म्हणजे काय? सरगममध्ये सांगता येईल का?

येईल, आणि सरगममध्येच ते लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

टिंटिनाबुली हा लॅटिन शब्द, अर्थ लहान घंटा. पॅर्तच्या पद्धतीत दोन आवाज बरोबर चालतात. पहिला गाणारा: तो सरगमेच्या पायऱ्यांवरून एकेक सूर चढतो-उतरतो, उड्या मारत नाही. दुसरा घंटेचा: त्याला फक्त तीन सूर वापरायची परवानगी. ‘फ्युअर अलीना’मध्ये मूळ सुराला षड्ज धरला, तर घंटेचा आवाज म्हणजे सा, कोमल ग आणि प, बस्स. गाणारा ज्या सुरावर पाऊल ठेवेल, त्याच्याजवळचा या तिघांतला एक सूर घंटा त्याच क्षणी वाजवते. जवळचा वरचा की खालचा, हे आधी ठरवलेलं.

तानपुऱ्याची आठवण येते ना? येऊ द्या, पण एक फरक लक्षात ठेवा. तानपुरा आपल्याच लयीत फिरत राहतो, गाणारा कुठे आहे याची त्याला तमा नसते. पॅर्तची घंटा गाणाऱ्याचा हात धरून पावलागणिक चालते. पॅर्त यांच्या पत्नी नोरा यांनी याचं समीकरण केलं: 1 + 1 = 1. अद्वैत सांगणाऱ्या मुकुंदराजांच्या गावात हे समजावायला मला फार वेळ लागला नाही.

आता ‘स्पीगल इम स्पीगल’. नावाचा अर्थ ‘आरशात आरसा’. षड्ज एफवर धरा आणि पेटीवर हे वाजवून पाहा, अगदी सावकाश:

रे ग. म ग.
सा रे ग. प म ग.
मंद्र नि, सा रे ग. ध प म ग.

दिसलं? गंधार हे घर. एकदा खालून घरी यायचं, एकदा वरून. दर फेरीला एक सूर लांबून. जितकं लांब जावं, तितकी घरी यायची वाट लांब. पलट्यांची वही भरलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे कागदावर दोन मिनिटांत कळेल. वाजवायला मात्र वर्षं जातात, कारण लपायला कुठेच जागा नाही. गज थरथरला की सगळ्यांना ऐकू येतो.

हा राग कोणता?

कुठलाच नाही. ‘मोझार्ट-अदाजिओ’मध्ये कोमल गंधार, कोमल धैवत आणि वर शुद्ध निषाद भेटतो, म्हणून कानाला किरवाणीची आठवण होईल. ‘स्पीगल’चे सूर बिलावलचे. पण ना वादी-संवादी, ना पकड. शिवाय सूर एकावर एक रचलेले. राग शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ज्यांनी शोधणं सोडलं, त्यांना दुसऱ्या ऐकण्यात आवडलं.

ठेका कुठे आहे? सम कशी ओळखायची?

ठेका नाही, समही आपल्या अर्थाने नाही. अदाजिओत सहाचा झोका आहे, दादऱ्याच्या विलंबित लयीत मान जशी हलते तसा तो लागेल. ‘स्पीगल’मध्ये पियानोच्या उजव्या हाताचे तीन-तीन सूर शेवटपर्यंत एकाच चालीने चालतात. तोच आधार धरा.

ऐकायचं कशावर आणि केव्हा?

मोबाइलच्या स्पीकरवर नको. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झची, ती त्या एवढ्याशा स्पीकरला पेलत नाही. तुम्ही ट्रायो लावता आणि ऐकू येतं दोघांचंच. साधा हेडफोन किंवा जुना म्युझिक सिस्टीमचा बॉक्स चालेल.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये दिवसा प्रयत्नच करू नका. कूलर चालू असताना हे संगीत ऐकू येत नाही आणि कूलर बंद करून आपल्याकडे बसवत नाही. आम्ही उन्हाळ्यात पहाटे पाचला गच्चीवर बसतो. दिवाळीनंतर मात्र रात्री दहाची वेळ सोन्यासारखी. बोअरच्या मोटारी बंद, रस्ता शांत. फक्त नोव्हेंबरनंतर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, ते गेले की सुरुवात करायची.

सुरुवात कशापासून करू?

आधी ‘स्पीगल इम स्पीगल’. दुसऱ्या दिवशी मोझार्टचा मूळ अदाजिओ, नुसत्या पियानोवर. तो दोनदा ऐका. मग पॅर्तचा ट्रायो. मूळ कानात असल्याशिवाय पॅर्तनी काय केलं ते ऐकूच येणार नाही, म्हणून हा क्रम मोडू नका असं मी आग्रहाने सांगतो.

दाद कधी द्यायची? मध्ये ‘वा’ म्हटलं तर?

आपली बैठक दादेवर चालते, हे मला मान्य आहे आणि प्रियही आहे. इथे मात्र दाद मनात ठेवायची. अनेक भागांची रचना असेल तर दोन भागांच्या मध्येही टाळ्या नाहीत. शेवटचा सूर विझल्यावर वादक गज खाली घेतो, तेव्हा टाळ्या. आमच्याकडे एक आजी न राहवून हळूच ‘पांडुरंग’ म्हणाल्या. मला ते अजिबात खटकलं नाही.

मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकतो. मला हे वाजवता येईल का?

येईल, पण तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील. एक, तारा. आपण षड्ज-पंचम-षड्ज-पंचम अशा किंवा त्याच्या जवळपास लावतो, पाश्चात्त्य पद्धतीत जी-डी-ए-ई, चारही एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर. दोन, बैठक. आपण मांडी घालून व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मिंडेसाठी मोकळा राहतो. तिथे वाद्य हनुवटीखाली. तीन, पाच रेषांची लिपी वाचणं. शेवटची सगळ्यात कंटाळवाणी वाटते, पण सहा महिन्यांत जमते.

मिंड आणि गमक आवरणं मात्र सगळ्यात अवघड. माझा गज आजही नकळत एका सुरातून दुसऱ्यात घसरतो. पॅर्तला तो घसरलेला चालत नाही. सूर सरळ लागला पाहिजे, काचेसारखा.

पियानो नाही. पेटीवर किंवा कीबोर्डवर त्याचा भाग वाजवला तर?

कीबोर्डवर सरावापुरता चालेल, 88 पट्ट्यांचा आणि पेडल असलेला असेल तर उत्तम. पेटीवर नको. पेटीचा सूर भाता हलतो तोवर तसाच उभा राहतो, विझत नाही, आणि विझणं हाच या रचनेचा प्राण आहे. सरगम समजून घ्यायला पेटी, वाजवायला नाही.

आपल्या हवेत खरा पियानो टिकतो का?

टिकतो, सांभाळला तर. पियानोला साधारण 40 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं, तारांखालचा साउंडबोर्ड बसतो आणि सूर उतरतात. जुलैत तेच लाकूड फुगतं, सूर चढतात. एका शाळेत देणगीत आलेला उभा पियानो मी पाहिला. पश्चिमेच्या खिडकीला लावून ठेवलेला, आतली नमद्याची गादी कसरीने खाल्लेली. झाकण उघडून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. कोणाला दोष देऊन उपयोग नाही, सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्या ओळखीत असा पियानो असेल तर आधी त्याला आतल्या भिंतीशी हलवा. उन्हापासून आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. वर्षातून दोनदा, उन्हाळा सरल्यावर आणि पावसाळा सरल्यावर, ट्यूनर बोलवा. तो पुण्या-मुंबईहून यावा लागतो, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून बोलवावा.

स्वरलेखन फुकट मिळेल का?

मोझार्टचं मिळेल, त्यावर आता कोणाचा हक्क नाही. पॅर्त हयात आहेत. आपल्या कायद्यात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. त्यांची पुस्तकं व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन छापते, विकतच घ्यावी. झेरॉक्स फिरवू नका.

प्रत्यक्ष ऐकायला कुठे जावं?

मराठवाड्यात अजून तरी योग दुर्मिळ. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पाश्चात्त्य मैफिली नियमित होतात. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून तिथलाच. आम्ही लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्री निघतो, सीएसएमटीला सकाळी उतरतो, मैफल ऐकून दुसऱ्या रात्री परत. पॅर्तच लागेल असं नाही. पण कुठलाही पियानो ट्रायो एकदा समोर बसून ऐका. व्हायोलिनवाला सूर सुरू करण्याआधी चेलोवाल्याकडे बघून श्वास घेतो. तो श्वास रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

पुढच्या बैठकीत काय आहे?

शोस्ताकोविचचा दुसरा ट्रायो. अर्धा तास लागेल, चहा आधी होईल. ज्यांच्या घरी या वर्षात कोणी गेलं असेल त्यांनी यायचं की नाही ते स्वतः ठरवावं. आलात तर दाराजवळची जागा ठेवतो, मध्येच उठावंसं वाटलं तर कोणी वळून बघणार नाही.